आधी ऊन मोजावे, मग आरसे मागवावेत: मोठा सौरऔष्णिक वीजप्रकल्प उभारताना

जानेवारी २०१० मध्ये भारताने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एकूण ४७० मेगावॉटचे सात सौरऔष्णिक (आरशांनी ऊन एकवटून त्या उष्णतेवर वीज करणारे) प्रकल्प उलट्या लिलावाने वाटून दिले. केंद्रीय वीज नियामक आयोगाने अशा विजेचा दर युनिटला १५ रुपये ३१ पैसे धरला होता. बोली लावणारे एकमेकांच्या खाली उतरत १० रुपये ४९ पैसे ते १२ रुपये २४ पैसे इथवर आले. काम पूर्ण करायला २८ महिन्यांची मुदत होती. २०१४ साल संपले तेव्हा त्या सातांपैकी तीनच प्रकल्प वीज देत होते: जैसलमेर जिल्ह्यातील नोखचा ५० मेगावॉटचा, पोखरणजवळच्या धूरसरचा १०० मेगावॉटचा आणि आंध्रातील अनंतपूर जिल्ह्यातील ५० मेगावॉटचा.

याच काळात मोरोक्कोने ॲटलस पर्वताच्या दक्षिणेला वारझाझात या गावाजवळ असेच काम हाती घेतले. तेथे २०१० मध्ये ‘मासेन’ ही सरकारी संस्था स्थापन झाली, मे २०१३ मध्ये बांधकामाला हात लागला, फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘नूर १’ या १६० मेगावॉटच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले आणि २०१८ अखेर त्याच्या शेजारी ‘नूर २’ व ‘नूर ३’ हे २०० व १५० मेगावॉटचे आणखी दोन प्रकल्प वीज देऊ लागले. वारझाझातलाही सगळे सुरळीत झाले असे नाही, त्याबद्दल पुढे येईलच. परंतु ज्या देशाकडे या तंत्राचा अनुभव नाही, भांडवल महाग आहे आणि ऊन मुबलक आहे, अशा ठिकाणी प्रकल्प आखणाऱ्याने ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून वाचावीत. पुढील मार्गदर्शन राज्याच्या ऊर्जा संस्थेतील अधिकारी, विकासक आणि त्यांच्यासोबत काम करणारे अभियंते यांना समोर ठेवून लिहिले आहे.

ही वीज कोणत्या तासाला हवी आहे?

सौरऔष्णिक प्रकल्पात आरशांनी ऊन एका नळीवर (पन्हळीची रचना) किंवा मनोऱ्याच्या माथ्यावर (मनोऱ्याची रचना) एकवटतात, त्या उष्णतेने वाफ करतात आणि वाफेवर टर्बाइन फिरवतात. टर्बाइनच्या पुढचे सारे नेहमीच्या औष्णिक केंद्रासारखेच असते. फरक एवढाच की कोळशाच्या बॉयलरची जागा आरशांनी घेतलेली असते. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ पासून बसवलेल्या ७३ तबकड्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना यातील निम्मी गोष्ट आधीच ठाऊक आहे. तिथे वाफ टर्बाइनऐवजी स्वयंपाकाला जाते. (नुसती वाफच हवी असेल तर तिची आधी वीज करून मग पुन्हा उष्णता करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. दुग्धशाळा, कापड रंगवण्याचे कारखाने यांनी पुढचे न वाचता तबकड्यांची चौकशी करावी.)

दुपारची वीज हवी असेल तर सौरऔष्णिक प्रकल्प उभारू नये, हे स्पष्ट सांगणे भाग आहे. दुपारी फोटोव्होल्टाइक पॅनेलची वीज इतकी स्वस्त पडते की तिच्याशी आरशांची बरोबरी होऊ शकत नाही. भारतात डिसेंबर २०११ मध्येच पॅनेलच्या विजेची सर्वांत कमी बोली ७ रुपये ४९ पैशांवर आली होती आणि मे २०१७ मध्ये राजस्थानच्याच भडला येथे ती २ रुपये ४४ पैशांपर्यंत घसरली. आरशांची खरी कमाई सूर्यास्तानंतर आहे, कारण उष्णता वितळलेल्या क्षारांत साठवून ठेवता येते आणि रात्री आठ वाजता तीच उष्णता टर्बाइनला देता येते. बॅटऱ्या स्वस्त होत चालल्याने आता ही तुलनाही गंभीरपणे करावी लागते. दोन तासांच्या साठ्यासाठी बॅटरीच परवडण्याचा संभव अधिक. रात्रभर पुरवठा करायचा असेल, तर क्षारांच्या टाक्यांचा विचार अजूनही करण्यासारखा आहे.

म्हणून पहिले काम वीजमंडळाकडून मागणीचे किमान तीन वर्षांचे तासवार आकडे मागवण्याचे आहे. मोरोक्कोत मागणीचा कळस संध्याकाळी येतो, म्हणून ‘नूर १’ ला तीन तासांचा आणि ‘नूर २’ ला सात तासांचा साठा दिला गेला. भारतात मात्र २०१० च्या लिलावात दिवसाच्या कोणत्याही तासाच्या विजेला एकच दर होता. परिणाम अपेक्षितच झाला: उभ्या राहिलेल्या तिन्ही प्रकल्पांपैकी एकातही साठवणीची सोय नाही. ज्या गोष्टीसाठी हे महागडे तंत्र घ्यायचे, तीच गोष्ट करारात मोलाची ठरली नाही. दक्षिण आफ्रिकेने यातून शहाणपणाचा मार्ग काढला आणि लिलावाच्या नंतरच्या फेऱ्यांत संध्याकाळच्या पाच तासांतील विजेला मूळ दराच्या २७० टक्के दर देऊ केला. साठा नसलेला प्रकल्प तिथे बोलीतच टिकू शकत नव्हता. दराची रचना हीच प्रकल्पाची पहिली रेखाकृती असते, असे मानून ती अभियंत्यांच्या उपस्थितीत ठरवावी.

ऊन मोजणे

या टप्प्यावर घाई करणाऱ्यांनी आजवर सर्वांत जास्त किंमत मोजली आहे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

पॅनेलला ढगाळ आकाशातला विखुरलेला प्रकाशही चालतो. आरशाला तो चालत नाही. आरसा फक्त सूर्यबिंबाकडून सरळ येणारे किरण एकवटू शकतो, आणि या सरळ किरणांच्या मोजमापाला व्यवसायात ‘डीएनआय’ म्हणतात. वर्षाला दर चौरस मीटरमागे सुमारे २,००० किलोवॉट-तासांहून कमी डीएनआय असेल तर हिशेब जमवणे कठीण जाते. वारझाझातचा आकडा २,६०० च्या आसपास आहे. महाराष्ट्रात चार महिने ढग असतात, तेव्हा आपल्याकडे असा प्रकल्प का नाही याचे उत्तर बहुतांशी याच आकड्यात मिळते.

केवळ कडक ऊन आहे म्हणून डीएनआय जास्त असेल असे नाही, हे राजस्थानने शिकवले. मे-जूनमध्ये थरच्या वाळवंटात अंग भाजून निघते, पण आंधी आणि धूळ यांमुळे आकाश निळे न राहता पांढुरके होते. उष्णता असते, सावलीही पडते, मात्र सावलीची कड पुसट असते. ती पुसट कड म्हणजे सरळ किरण धुळीने विखुरल्याची खूण होय. उपग्रहाच्या चित्रांवरून डीएनआय काढणाऱ्या प्रणालींना ढग नेमके दिसतात, पण हवेतील धूळ तितकी नेमकी पकडता येत नाही. २०१० च्या बोली अशाच उपग्रही अंदाजांवर लावल्या गेल्या आणि जमिनीवरचे मोजमाप सुरू झाल्यावर कितीतरी ठिकाणी प्रत्यक्ष ऊन अंदाजापेक्षा कमी निघाले. देशभर जमिनीवरून ऊन मोजणारी पहिली ५१ केंद्रे चेन्नईच्या सरकारी पवनऊर्जा संस्थेने २०११ मध्ये उभारली, म्हणजे लिलाव होऊन गेल्यावर. मोजमापाशिवाय दिल्लीत बसून जैसलमेरच्या उन्हाची बोली लावणे म्हणजे अक्षरशः उंटावरून शेळ्या हाकणे झाले.

योग्य पद्धत अशी की, जागेचा विचार पक्का होताच तिथे मोजणी केंद्र बसवावे आणि किमान पूर्ण एक वर्ष, शक्य असल्यास दोन वर्षे, दर मिनिटाची नोंद घ्यावी. केंद्रातील मुख्य उपकरण पायरहेलिओमीटर. ही दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरणारी एक बारीक नळी असते आणि तिच्या टोकाला नाण्याएवढी काच असते. वाळवंटात ती काच एका आठवड्यात इतकी मळते की आकडा काही टक्क्यांनी खाली येतो, आणि कागदावर पाहणाऱ्याला मात्र त्या आठवड्यात ऊनच कमी होते असे वाटते. म्हणून जवळच्या गावातील एखाद्या जबाबदार व्यक्तीला नेमून रोज सकाळी मऊ कापडाने ती काच पुसून घ्यावी, पुसल्याची वेळ वहीत लिहून सही घ्यावी, आणि पुसण्याच्या आधीचा व नंतरचा आकडा यांतील फरकही नोंदवावा. तोच फरक पुढे आरसे किती वेगाने मळतील याचा पहिला पुरावा ठरतो. ही काही शे रुपयांची रोजंदारी वाचवण्याच्या नादात अब्जावधींच्या कर्जाचा आधार डळमळीत होतो.

आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा. पायरहेलिओमीटर आकाशाचा सुमारे ५ अंशांचा तुकडा पाहतो, तर आरशांची रचना त्याहून कितीतरी लहान कोनातील किरणच नळीवर आणू शकते. धुळीच्या दिवशी सूर्याभोवती जे तेजाचे खळे पडते ते उपकरण मोजते, आरसा मात्र त्याचा उपयोग करू शकत नाही. स्वच्छ हवेच्या देशात हा फरक क्षुल्लक असतो; थरमध्ये किंवा सहाराच्या कडेला तो वेगळा काढून वजा करावा.

वर्षभराची नोंद हाती आली की ती उपग्रहाच्या मागील १५ ते २० वर्षांच्या आकड्यांशी ताडून पाहावी आणि त्या जुन्या आकड्यांना दुरुस्ती लावावी. मग दोन मूल्ये काढावीत: दहापैकी पाच वर्षांत ज्याहून जास्त ऊन मिळेल ते, आणि दहापैकी नऊ वर्षांत ज्याहून जास्त मिळेल ते. विकासकाला पहिले मूल्य आवडते. कर्ज देणाऱ्याने दुसऱ्यावरच हिशेब करावा. ऊन १० टक्क्यांनी कमी भरले तर वीज १० टक्क्यांहून अधिक घटते, कारण सकाळी सगळी यंत्रणा तापवण्यात जाणारी उष्णता काही कमी होत नाही. सोबत वाऱ्याचा वेगही मोजावा. ठराविक वेगापलीकडे वारा गेला की आरसे आडवे करून ठेवावे लागतात आणि तेवढा वेळ उत्पादन थांबते.

जमीन आणि पाणी

पन्हळीच्या आकाराच्या आरशांना जवळजवळ सपाट जमीन लागते; एक-दोन टक्क्यांहून अधिक उतार असल्यास मातीकामाचा खर्च डोईजड होतो. मनोऱ्याच्या प्रकल्पातील प्रत्येक आरसा स्वतंत्र खांबावर असतो, त्यामुळे तिथे थोडा अधिक उतार खपतो. उच्चदाब उपकेंद्र किती दूर आहे आणि टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर यांसारखे अवजड नग बंदरापासून जागेपर्यंत कोणत्या पुलांवरून व वळणांवरून येतील, याची पाहणी जमीन घेण्यापूर्वी करावी. त्यासाठी एक माणूस आणि एक आठवडा पुरतो.

जमिनीच्या मालकीला मात्र आठवडा पुरत नाही. वारझाझातची सुमारे ३,००० हेक्टर जमीन ऐत औक्रूर या समुदायाची सामूहिक मालकीची होती. दर चौरस मीटरला सुमारे एक दिरहॅम (मोरोक्कोचे चलन) या भावाने ती घेतली गेली आणि पैसा कुटुंबांच्या हाती न पडता समुदायाच्या नावे ठेवून विकासकामांसाठी वापरायचा असे ठरले. कागदोपत्री हे नियमाला धरून होते, पण जमीन ‘पडीक’ धरून भाव ठरला आणि तिथे गुरे चारणाऱ्यांच्या मनात ती सल राहिली. राजस्थानातही सरकारी दप्तरात जी जमीन पडीक म्हणून नोंदलेली असते तीच गावाची ओरण, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले गवत आणि खेजडीची झाडे, असू शकते. तलाठ्याच्या उताऱ्यावर विसंबू नये. पावसाळ्यानंतरच्या दोन महिन्यांत जागेवर जाऊन तिथे कोण जनावरे घेऊन येतो, पाणी कुठे पितो, वाट कुठून जाते हे पाहावे आणि तसा नकाशा करावा. जैसलमेर भागात तर माळढोकाचाही विचार करावा लागतो. वीजवाहिन्यांना धडकून हे पक्षी मरतात म्हणून एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अधिवासातील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता, आणि तो मार्च २०२४ मध्ये बदलेपर्यंत अनेक सौर प्रकल्पांच्या वाहिन्या अडून राहिल्या.

पाण्याचा हिशेब कोणत्याही वाफेच्या केंद्रासारखाच आहे. वाफ पुन्हा पाण्यात आणण्यासाठी ओला कूलिंग टॉवर वापरला तर दर मेगावॉट-तासाला सुमारे तीन घनमीटर पाणी जाते. मोठ्या पंख्यांनी हवेवर थंड करणारी कोरडी पद्धत घेतली तर वापर जवळजवळ दहाव्या हिश्शावर येतो. ‘नूर १’ ओल्या पद्धतीचा आहे आणि त्याचे पाणी मन्सूर एद्दाहबी धरणातून येते. त्याच धरणावर द्रा खोऱ्यातील खजुराच्या बागा अवलंबून आहेत, आणि दुष्काळी वर्षांत हा प्रश्न टोकदार झाल्याशिवाय राहत नाही. ‘नूर २’ आणि ‘नूर ३’ कोरड्या पद्धतीवर गेले ते याचसाठी.

कोरड्या पद्धतीविरुद्ध नेहमी सांगितले जाते की उन्हाळ्याच्या दुपारी हवा ४५ अंशांवर असताना टर्बाइनची क्षमता घसरते. हे खरे आहे. परंतु प्रकल्प जर मुख्यतः संध्याकाळी व रात्री चालवायचा असेल तर त्या वेळी वाळवंटातील हवा बरीच थंड झालेली असते, आणि हा तोटा निविदेतील कोष्टकात दाखवतात त्यापेक्षा कमी भरतो. साठा आणि कोरडे शीतकरण ही जोडी एकमेकींना पूरक आहे. वाळवंटातील नव्या प्रकल्पाने ओल्या पद्धतीचा विचारच करू नये असे माझे मत आहे. एक घनमीटर पाण्यावर कालव्याखालच्या शेतकऱ्याशी भांडण ओढवून घेणारा प्रकल्प २५ वर्षे सुखाने चालत नाही. आरसे धुण्यासाठी पाणी लागतेच, पण ते तुलनेने थोडे असते.

पन्हळ की मनोरा

पन्हळीच्या प्रकल्पात अन्वस्ताकार आरशांच्या लांबच लांब रांगा असतात आणि त्यांच्या नाभीवर निर्वात काचेत बसवलेली पोलादी नळी असते. तिच्यातून एक कृत्रिम तेल सुमारे ३९० अंशांपर्यंत तापत वाहते. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १९८४ ते १९९० या काळात उभारलेल्या, एकूण ३५४ मेगावॉटच्या नऊ प्रकल्पांपासून हे तंत्र कसाला लागलेले आहे. (त्याचे मूळ तर आणखी मागे, १९१३ मध्ये, कैरोजवळच्या माआदीत आहे; तिथे फ्रँक शूमन यांनी पन्हळीच्या आरशांवर वाफ करून नाईलचे पाणी उपसून दाखवले होते.) मनोऱ्याच्या प्रकल्पात हजारो हेलिओस्टॅट, म्हणजे सूर्याबरोबर फिरणारे आरसे, ऊन एका उंच मनोऱ्याच्या माथ्यावर फेकतात. ‘नूर ३’ मध्ये असे सुमारे ७,४०० आरसे असून मनोरा जवळजवळ २५० मीटर उंच आहे. तिथे क्षार थेट ५६५ अंशांपर्यंत तापतात.

निवड करताना साठ्याचे गणित हातात घ्यावे. १०० मेगावॉटचा प्रकल्प सूर्यास्तानंतर आठ तास चालवायचा असेल तर ८०० मेगावॉट-तास वीज हवी, आणि टर्बाइनची कार्यक्षमता ३८ टक्के धरली तर सुमारे २,१०० मेगावॉट-तास उष्णता साठवावी लागेल. मनोऱ्यात क्षार २९० ते ५६५ अंशांदरम्यान फिरतात, म्हणजे २७५ अंशांचा फरक मिळतो आणि त्यासाठी सुमारे १८,००० टन क्षार पुरतात. पन्हळीत तेलाच्या मर्यादेमुळे हा फरक १०० अंशांच्याही आत राहतो, म्हणून तेवढ्याच साठ्याला ५०,००० टनांहून अधिक क्षार लागतात. स्पेनमधील अँडासोल येथे ५० मेगावॉटच्या एका पन्हळ प्रकल्पाला साडेसात तासांसाठी २८,५०० टन क्षार लागले, त्यावरून हा हिशेब पडताळता येतो. आरशांचे क्षेत्रफळ दोन्हींत साधारण दहा लाख चौरस मीटरच्या आसपास येते आणि जमीन त्याच्या साडेतीन ते चारपट, म्हणजे ३५० ते ४०० हेक्टर.

कागदावर मनोरा जिंकतो. तरीही ज्या देशात असा पहिलाच प्रकल्प होत आहे त्याने पन्हळीपासून सुरुवात करावी, असेच मी सांगेन. पन्हळीत एक रांग बिघडली तर बाकीच्या शेकडो चालू राहतात; मनोऱ्यात माथ्यावरचा ऊन झेलणारा भाग (रिसीव्हर) किंवा उष्ण टाकी बिघडली की सगळेच थांबते. पन्हळीचा एक त्रास मात्र आधीच ओळखून ठेवावा: ते तेल १२ अंशांखाली गोठते. जानेवारीच्या रात्री जैसलमेरला पारा त्याहून खूप खाली जातो, तेव्हा तेल रात्रभर फिरते ठेवावे लागते आणि लागल्यास इंधन जाळून तापवावे लागते. शिवाय हे तेल बनवणारे उत्पादक जगात मोजकेच आहेत. भारतातील प्रकल्प रखडण्यामागे त्याचा वेळेवर न झालेला पुरवठा हेही एक कारण होते. म्हणून तेलाची मागणी आरशांच्या बरोबरीनेच नोंदवावी.

करार आणि कर्ज

या प्रकल्पाला इंधन लागत नाही, म्हणजेच २५ वर्षांचे इंधन पहिल्याच दिवशी उसने काढून विकत घ्यावे लागते. त्यामुळे विजेच्या दरावर उन्हाच्या खालोखाल परिणाम करणारी गोष्ट म्हणजे व्याजदर. मोरोक्कोने याचा उलगडा चांगला केला. मासेनने जागतिक बँक, आफ्रिकी विकास बँक, युरोपीय गुंतवणूक बँक आणि जर्मन व फ्रेंच विकास संस्थांकडून सवलतीचे कर्ज सरकारच्या हमीवर स्वतः घेतले आणि ते प्रकल्प कंपनीला पुढे दिले. एकट्या जागतिक बँकेने नोव्हेंबर २०११ मध्ये २९.७ कोटी डॉलर मंजूर केले होते. विकासकाला पाच बँकांशी पाच करार करावे लागले नाहीत. जमीन, रस्ता, पाण्याची वाहिनी आणि पारेषण यांची जबाबदारीही बोलीपूर्वीच सरकारने उचलली. मासेनने प्रकल्प कंपनीत २५ टक्के भागही ठेवला, त्यामुळे हिशेबाच्या वह्या तिला आतून दिसत राहिल्या.

इतके करूनही ‘नूर १’ ची वीज किलोवॉट-तासाला १.६२ दिरहॅमला पडली, ‘नूर २’ ची १.३६ ला आणि ‘नूर ३’ ची १.४२ ला. मासेन ही वीज चढ्या दराने घेते, देशाच्या वीजमंडळाला कमी दराने विकते आणि मधली तूट सरकारी तिजोरीवर येते. अशी तूट सोसणे हा धोरणाचा भाग असू शकतो, मात्र ती दरवर्षी किती असेल आणि कोणत्या खात्याच्या अंदाजपत्रकातून भरली जाईल, हे करारावर सही होण्यापूर्वी अर्थखात्याकडून लेखी घ्यावे. कर्ज परकीय चलनात आणि वसुली स्थानिक चलनात असेल तर विनिमयाचा धोका कोणाचा, हेही त्याच कागदावर असावे.

लिलावात केवळ सर्वांत कमी दराला काम देण्याचा मोह आवरावा. ज्याने असा प्रकल्प पूर्वी चालवलेला नाही, ज्याच्याकडे जागेवरच्या उन्हाची नोंद नाही, त्याला पात्रतेच्या पहिल्या चाळणीतच थांबवणे हे सर्वांच्या हिताचे असते. मुदतीचेही तसेच आहे. मोजणीचे वर्ष धरून, अनुभव नसलेल्या देशात पहिल्या प्रकल्पाला २८ महिने अपुरे आहेत. मोजणी वेगळी आणि बांधकामाला पूर्ण तीन वर्षे द्यावीत. भारत आणि मोरोक्को या दोघांनीही सुमारे ३० टक्के सामग्री व काम देशातले असावे असे ठरवले होते, आणि हा आकडा वाजवी आहे. पोलादी सांगाडे, पाया, केबल, टाक्या आणि रंगकाम स्थानिक होऊ शकते. निर्वात नळ्या आणि क्षारांचे पंप यांचा आग्रह पहिल्या प्रकल्पात धरू नये.

टाक्या, क्षार आणि पहिले तापवणे

बांधकामाच्या बहुतेक भागाबद्दल नवे सांगण्यासारखे फार नाही. चांगला कंत्राटदार आणि कडक देखरेख असली की ते होते. क्षारांच्या टाक्यांबद्दल मात्र सांगावेच लागते.

साठवणीचे क्षार म्हणजे ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट यांचे मिश्रण. शेतीच्या खताला हेच पदार्थ वापरतात. फरक शुद्धतेचा असतो, आणि त्यातील क्लोराइडचे प्रमाण प्रत्येक खेपेला प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, कारण तेच पोलाद खाते. क्षार गोण्यांतून दाणेदार स्वरूपात येतात. तात्पुरत्या भट्ट्यांत ते वितळवून आधीच गरम केलेल्या टाकीत सोडायचे असतात, आणि हजारो टनांचे हे काम अहोरात्र अनेक आठवडे चालते. एकदा वितळले की त्यांना पुन्हा गोठू द्यायचे नाही. सुमारे २४० अंशांखाली ते घट्ट होऊ लागतात, आणि गोठलेली वाहिनी पुन्हा मोकळी करताना फुटण्याची भीती असते. म्हणून प्रत्येक वाहिनीवर विजेच्या तापतारा, त्यांना वेगळा वीजपुरवठा आणि तो पुरवठा गेल्यास डिझेल जनरेटर, असे तिहेरी संरक्षण ठेवावे.

उष्ण टाकीचा तळ ही सर्वांत नाजूक जागा. टाकी तापते तेव्हा तळाचा पत्रा पसरू पाहतो, वरचे हजारो टनांचे वजन आणि खालच्या पायाचे घर्षण त्याला अडवते, आणि रोजच्या भरण्या-उपसण्यात तळाच्या तापमानात फरक पडत राहतात. त्या ताणाने सांधे तडकतात. अमेरिकेतील नेवाडा राज्यातील क्रेसेंट ड्यून्स प्रकल्प २०१६ मध्ये अशाच गळतीने कित्येक महिने बंद होता. २०२४ च्या सुरुवातीला ‘नूर ३’ ची उष्ण टाकी गळू लागली, तेव्हा दुरुस्ती नोव्हेंबरपर्यंत चालेल आणि सुमारे ४.७ कोटी डॉलरचे नुकसान होईल असे चालवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केले. यावरून निविदेत काही गोष्टी घालून घ्याव्यात. तळाच्या प्रत्येक सांध्याची क्ष-किरण किंवा अल्ट्रासाउंड तपासणी आणि तिचा कायमचा अभिलेख. पायात व तळाखाली तापमापकांचे दाट जाळे. पहिल्यांदा तापवताना तासाला किती अंशांहून जास्त वाढ होऊ द्यायची नाही याची लेखी मर्यादा. आणि उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून ती मर्यादा मोडण्याचा अधिकार कोणालाही नसणे. शक्य असेल तर एका मोठ्या उष्ण टाकीऐवजी दोन मध्यम टाक्या बांधाव्यात. खर्च वाढतो, पण एक गळाली तरी दुसरीवर अर्धी संध्याकाळ तरी भागते.

चालवणे

पहिल्या एक-दोन वर्षांत प्रकल्प ठरल्यापेक्षा कमी वीज देतो. माणसे शिकत असतात, झडपा गळतात, ढग येण्याआधी टर्बाइन उतरवावी की साठ्यावर चालवावी याचा अंदाज बसायला काही ऋतू जावे लागतात. म्हणून कर्जाचे हप्ते आणि करारातील दंड दोन्ही टप्प्याटप्प्याने चढणारे ठेवावेत. चालवणाऱ्यांपैकी निम्मे तरी लोक औष्णिक केंद्रातून आलेले असावेत. सौर पॅनेलचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही, वाफेचा पडतो. बांधकाम सुरू असतानाच जवळच्या तंत्रनिकेतनातील मुलांना वेल्डिंग, उपकरणे आणि पाणीशुद्धी यांचे शिक्षण द्यायला सुरुवात करावी, म्हणजे बांधकामाचे मजूर परतल्यावर गावाला काही उरते.

आरसे रात्री धुवावेत. दिवस मावळला की रांगा एका ठराविक कोनावर आणून ठेवतात, पाण्याचा टँकर आणि फिरते ब्रश लावलेला ट्रक दोन रांगांमधून सावकाश जातो, आणि शुद्ध केलेल्या पाण्याचा फवारा वरून खाली उतरतो. पाण्यात क्षार असतील तर काच वाळल्यावर पांढरे डाग धरते आणि धुण्यापेक्षा न धुणे बरे अशी अवस्था येते. कोणती रांग कधी धुवायची हे पंचांग पाहून ठरवू नये. प्रत्येक विभागातील काही नेमून दिलेल्या आरशांची परावर्तकता हातातल्या उपकरणाने दर आठवड्याला मोजावी, जिथे ती सर्वांत घसरली असेल तिथे ट्रक आधी पाठवावा, आणि धुळीच्या वादळानंतर हलका पाऊस पडून गेला असेल तर सगळे वेळापत्रक बाजूला ठेवून त्याच रात्री ट्रक बाहेर काढावा. कारण त्या पावसाने धूळ धुतली जात नाही, तिचा चिखल होऊन काचेला चिकटतो आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात पक्का बसतो.